मशीन बदललं की रॉड चिकटतो : वेल्डिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वेल्डिंग शिकलो ते जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर. आता गेट-ग्रिलच्या किरकोळ कामांसाठी २०० अँपिअरचं छोटं इन्व्हर्टर मशीन घेतलंय. क्लासमध्ये २.५ मिमीचा ६०१३ प्रकारचा रॉड ९० अँपिअरवर छान चालायचा. इथे ९० लावले तर १६ गेजच्या चौकोनी पाइपला भोक पडतं आणि करंट कमी केला तर रॉड चिकटतो. मशीन खराब आहे की हात?
— एक वाचक, नऱ्हे

उत्तर : हात ठीक आहे, मशीनही बहुधा ठीकच असेल. ९० हा आकडा मात्र क्लासमध्येच सोडून या.

जुन्या मशीनचं चाक फिरवलं की आतला लोखंडी गाभा सरकतो आणि बाहेर काटा सरकतो. काट्याखालची पट्टी हा नुसता अंदाज असतो. लाइनला २४० व्होल्ट असोत की संध्याकाळी उतरून २०५ झालेले असोत, काटा जागेवरच राहतो. करंट मात्र बदलतो. शिवाय लांबलचक, जागोजागी जोड दिलेल्या केबलमध्येही थोडं जिरतं. त्यामुळे तुमचे तिथले ९० प्रत्यक्षात बरेच कमी असू शकतात. इन्व्हर्टर डीसी करंट देतो आणि तो सतत मोजून धरून ठेवतो. स्वस्त मशीनचे डिस्प्ले थोडे फुगवून सांगतात, हेही खरं. तपासायचं असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर हवा. वायरमनकडचा साधा एसी क्लॅम्प मीटर इथे कामाचा नाही.

कानही फसवतो. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून जुनं मशीन गुरगुरतं. डीसीचा आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी ज्योत, त्या मानाने शांत असतो. शिकाऊ माणसाला वाटतं करंट कमी पडतोय, आणि हात नॉबकडे जातो.

आता भोकाचं. १६ गेज म्हणजे जेमतेम १.६ मिमी जाडी. तिथे २.५ च्या रॉडला ५० ते ६० अँपिअर पुरतात. २ मिमीचा रॉड मिळाला तर ४० ते ५० वर काम आणखी सोपं. मशीनला हॉट स्टार्टचा नॉब असेल तर पातळ पाइपसाठी तो शून्यावर आणा, कारण आर्क पेटताना क्षणभर ठरवलेल्यापेक्षा बराच जास्त करंट सोडणं हेच त्याचं काम. नॉब नसेल तर आर्क पाइपवर पेटवू नका. शेजारी जाड पट्टीचा तुकडा ठेवा, त्यावर पेटवून मग सांध्यावर या. सांध्यात फट ठेवू नका, १५-२० मिमीचे टाके जागा बदलून मारा आणि उभ्या सांध्यात वरून खाली या. ६०१३ ला होल्डर प्लस किंवा मायनस, दोन्ही चालतं. पातळ कामाला होल्डर मायनसमध्ये घाला, कमी खोल जातो.

चिकटण्याची कारणं दोन. कमी करंटवर आर्क छोटा ठेवावा लागतो आणि घाबरून टोक टेकलं की रॉड अडकतो. दुसऱ्या कारणाकडे फारसं कुणी बघत नाही. थांबवलेल्या रॉडच्या टोकावर स्लॅगची, म्हणजे वितळून गोठलेल्या लेपाची, काचेसारखी टोपी जमते आणि आतली तार झाकली जाते. करंट जात नाही, मग आपण रॉड आपटतो, वरचा फ्लक्सचा लेप फुटतो, उघडी पडलेली तार चिकटते. दरवेळी टोक भंगार तुकड्यावर हलकेच घासा, तार चमकलेली दिसली की मगच जॉबला लावा. अँटी-स्टिक असलेलं मशीन चिकटल्यावर स्वतःच करंट पाडतं. मनगट पिळून रॉड सोडवायचा, ओढाताण करायची नाही.

गेटला हात लावण्याआधी एवढं करा. ४० × ५ ची पट्टी घ्या, ग्राइंडरने रंग-गंज काढा. अर्थिंगचा चिमटा जिथे लागतो तिथलाही काढा. २.५ चा रॉड, ६० पासून सुरुवात, दर ५० मिमीच्या रनला (वेल्डच्या एका ओळीला) १० अँपिअर वाढवत १०० पर्यंत जा. प्रत्येक रनशेजारी खडूने आकडा लिहा आणि स्लॅग झाडून बघा. करंट कमी असेल तर रन दोरीसारखा उंच बसतो आणि कडेला स्लॅग अडकलेला असतो. जास्त असेल तर रन चपटा पसरतो, कडेला खाच पडते, थेंब उडतात आणि निम्म्यावर आलेला रॉड लाल होतो. या दोन्हींच्या मधला आकडा तुमच्या मशीनचा. तो चिकटपट्टीवर लिहून मशीनवर डकवून ठेवा. ३.१५ च्या रॉडसाठी हीच चाचणी ८५ ते १३० मध्ये करा.

प्रश्न : मशीनबरोबर सांगितलं होतं की घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालेल. पार्किंगमध्ये काम करायला ३० मीटरचं एक्स्टेंशन लावलं. २.५ चा रॉड कसाबसा चालतो, ३.१५ लावला की आर्क तुटतो, नाहीतर एमसीबी पडतो.
— एक वाचक, धायरी

उत्तर : हिशेब मांडला की कोडं सुटतं. ११० अँपिअरवर आर्कचे साधारण २४ व्होल्ट धरतात, म्हणजे सुमारे २.६ किलोवॅट. मशीनमधला तोटा आणि साध्या सिंगल फेज इन्व्हर्टरचा कमी पॉवर फॅक्टर (खेचलेल्या करंटचा पूर्ण उपयोग न होणं) धरला तर २३० व्होल्टच्या लाइनवरून १९-२० अँपिअर खेचले जातात. १६ चा एमसीबी पडणं साहजिक आहे. न पडता तर जास्त काळजी वाटली असती. २.५ च्या रॉडला ७५ अँपिअरवर हाच हिशेब १२-१३ अँपिअरचा येतो, म्हणून तो चालतो.

एक्स्टेंशन दीड स्क्वेअरचं (दीड चौरस मिमी जाडीच्या तारेचं) असावं. ३० मीटर म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर तांबं, ०.७ ओहम. २० अँपिअरला १४ व्होल्ट वायरमध्येच गेले. लाइन आधीच उतरलेली असेल तर छोट्या मशीनला आर्क धरवत नाही. तीच वायर ४ स्क्वेअरची घेतली तर तोटा ५ व्होल्टांवर येतो. वायर महाग वाटेल, पण पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रिक बाजारात भाव काढून बघा आणि अल्युमिनियमची घेऊ नका. गुंडाळी पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळलेली वायर स्वतःच्याच उष्णतेने वितळते.

३.१५ चं काम नेहमीचं असेल तर मीटरपासून स्वतंत्र ४ स्क्वेअर लाइन, सी टाइपचा २५ अँपिअर एमसीबी आणि ३२ अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट परवानाधारक वायरमनकडून लावून घ्या. महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार आधी वाचा. जुन्या वायरवर नुसता मोठा एमसीबी बसवणं हा आग लावायचा खात्रीचा मार्ग आहे.

प्रश्न : नवीन डीसी मशीनवर फ्रेमच्या कोपऱ्यात आर्क एका बाजूला पळतो. एसीवर असं व्हायचं नाही.
— एक वाचक, चाकण

उत्तर : आधी रॉड होल्डरमध्ये अर्धा वळसा फिरवून बघा. आर्क दुसऱ्या बाजूला पळाला तर फ्लक्सचा थर एकीकडे जाड आहे, पुडा बदला. तरीही त्याच बाजूला पळत असेल तर तो चुंबकीय ओढा. डीसीत करंटची दिशा बदलत नाही म्हणून टिकून राहतो, आणि कोपऱ्यात, कडेला जास्त जाणवतो. अर्थिंगचा चिमटा दुसऱ्या टोकाला लावा, आर्क आखूड ठेवा, १० अँपिअर उतरा आणि रॉड असा कलवा की टोक ओढ्याच्या उलट बाजूला रोखलं जाईल.

प्रश्न : मी इन्व्हर्टरवर शिकले. ज्या शॉपमध्ये लागले तिथे जुनं तेलाचं एसी मशीन आहे. माझे रॉड सारखे चिकटतात, आणि घरून आणलेला ७०१८ प्रकारचा रॉड तर पेटतच नाही.
— एक वाचक, भोसरी

उत्तर : तुमचा प्रवास उलटा आहे आणि तो जास्त अवघड. या मशीनला ना हॉट स्टार्ट, ना अँटी-स्टिक. रॉड ठोकू नका. काडेपेटीची काडी ओढावी तसा ओढा आणि पेटला की २-३ मिमी उचला. सुरुवातीला सवयीपेक्षा १० अँपिअर वर ठेवा. चिकटलेला रॉड सेकंदांत लाल होतो. पिळून निघाला नाही तर होल्डरचा दांडा दाबून रॉड सोडून द्या, मग छिन्नीने काढा.

७०१८ एसीवर चालवायला उघड्या सर्किटचे निदान ७० व्होल्ट लागतात. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून, वेल्डिंग चालू नसताना होल्डर आणि अर्थिंगमध्ये मोजायला शॉपच्या इलेक्ट्रिशियनला सांगा. ५०-५५ आले तर ७०१८ चा नाद सोडा, ६०१३ वापरा. व्होल्ट पुरेसे असूनही पेटत नसेल तर रॉड दमट असणार. पावसाळ्यात उघडा पुडा दोन दिवसांत ओल धरतो. ७०१८ ओव्हनमध्ये ३०० अंशांना तासभर भाजावा लागतो. ६०१३ ला १०० अंश पुरतात, त्याला जास्त भाजलंत तर फ्लक्स बिघडेल.

चाक फिरवायचं ते आर्क बंद असतानाच. तेलाची पातळी काचेत दिसत नसेल तर मशीन चालू करण्याआधी सुपरवायझरना सांगा. आणि एक जपा : डीसीपेक्षा एसीचा झटका जास्त वाईट, आणि मशीन चालू असेपर्यंत त्या होल्डरवर ५० ते ८० व्होल्ट कायम असतात. घामाने भिजलेले हातमोजे बदला, लोखंडी फ्रेमवर बसून काम करायचं असेल तर खाली कोरडी लाकडी फळी घ्या, रॉड बदलताना उघडा हात लावू नका. जेवायला जाताना होल्डरमधला रॉड काढून मशीनचा स्विच पाडा.