लायब्ररीत बोलते, घरी गप्प

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंनी लिहिले आहे की, त्यांची १३ वर्षांची मुलगी महिन्यातून एकदा गावातल्या सार्वजनिक लायब्ररीच्या टीन बुक क्लबला जाते आणि या महिन्यात तिथे लोइस लाउरी यांची ‘द गिव्हर’ ही कादंबरी चर्चेला आहे. ताई तिला आणायला जातात, तेव्हा ती हातवारे करून बोलताना काचेतून दिसते. घरी मात्र “छान होतं” यापलीकडे शब्द निघत नाही. म्हणून त्यांनी पुस्तक मधूनच उघडून पाहिले आणि नेमके तान्ह्या बाळाला सुई टोचून मारण्याचे पान समोर आले. असले पुस्तक या वयात वाचू द्यावे का आणि क्लबमध्ये आपल्याला बसता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, तुमची धास्ती वेगळी नाही. १९९३ मध्ये आलेल्या या कादंबरीला पुढच्याच वर्षी अमेरिकेतील बालसाहित्याचे मानाचे न्यूबेरी पदक मिळाले, आणि तरीही पुढे अनेक ठिकाणच्या पालकांनी मुख्यतः याच प्रसंगामुळे तिच्याबद्दल तक्रारी केल्या. आपल्या मुलाने काय वाचावे हे ठरवण्याचा हक्क पालकांचा आहे, दुसऱ्यांच्या मुलांसाठी मात्र नाही, अशी अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची भूमिका आहे. म्हणजे हक्क तुमच्याकडे आहेच. तो येथे वापरू नये, असे मला मनापासून वाटते.

कारण ते पान एकटे वाचायचे नाही. कादंबरीचा नायक जोनास या १२ वर्षांच्या मुलाच्या वसाहतीत कोणी ‘मारणे’ म्हणत नाही, ‘मुक्त करणे’ म्हणतात, आणि म्हातारी माणसे व अशक्त बाळे ‘मुक्त’ होऊन दुसरीकडे कुठेतरी जातात, असे तो लहानपणापासून धरून चालला आहे. १९व्या प्रकरणात, स्वतःच्या वडिलांच्या हातून घडताना, त्या शब्दाखाली काय आहे ते त्याला दिसते. वाचणारे मूल त्याच्याबरोबर हादरते, आणि हादरायलाच हवे. आपणही ‘देवाघरी गेले’ म्हणतो; पण तो शब्द दुःख सोसवावे म्हणून आहे, आणि वसाहतीतला शब्द कृत्य झाकावे म्हणून. हा फरक तुमच्या मुलीला तुमच्याइतका चांगला दुसरे कोणी समजावू शकेल असे मला वाटत नाही, कारण क्लबमध्ये ‘देवाघरी’ हा शब्द कोणाजवळच नसेल.

क्लबमध्ये बसण्याबद्दल माझे उत्तर ‘नको’ असे आहे. बहुतेक टीन क्लब फक्त मुलांसाठीच असतात, पण नियम सोडा. कादंबरीतच एक रिवाज आहे: रोज रात्री जेवणानंतर घरातल्या प्रत्येकाने दिवसभरातल्या आपल्या भावना सांगायच्या आणि बाकीच्यांनी त्या ऐकून त्यांची बोळवण करायची. वरवर पाहता हे किती जिव्हाळ्याचे वाटते! पण जोनासच्या मनात खरोखर मोठे काही येऊ लागते, तेव्हा तो तिथे गप्प राहायला शिकतो. रोज ताटावर “आज क्लबमध्ये काय झालं, सगळं सांग” असे विचारले, तर हे पुस्तक वाचणाऱ्या मुलीला काय आठवेल, याचा विचार करावा.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगते. १६व्या प्रकरणात जोनास आईवडिलांना विचारतो की, तुमचे माझ्यावर प्रेम आहे का. ते हसतात, शब्द नेमका वापर म्हणतात, आणि त्याऐवजी ‘माझ्या कामगिरीचा अभिमान वाटतो का’ असे विचारता येईल, असे सुचवतात. परदेशातल्या आपल्या घरांत मार्कांचा, स्पेलिंग बीचा, अरंगेत्रमचा (भरतनाट्यमच्या पहिल्या जाहीर एकल कार्यक्रमाचा) अभिमान वारंवार बोलून दाखवला जातो. माया मात्र डब्यात, स्वेटरमध्ये आणि “पोचलीस की फोन कर” या वाक्यात राहते. आपल्याला ती तिथे दिसते. मैत्रिणीच्या दारात रोज ‘लव्ह यू’ ऐकणाऱ्या मुलीला ती तशीच दिसेल, हे गृहीत धरता येत नाही. ‘माया’, ‘जीव लावणे’, ‘लळा’ हे शब्द तिला कधी उलगडून सांगितले आहेत का? हे प्रकरण त्यासाठी फार चांगले निमित्त आहे.

लेखिकेच्या बालपणातली एक गोष्टही तुम्हाला जवळची वाटेल. १९४८ मध्ये, ११ वर्षांच्या असताना, सैन्यात असलेल्या वडिलांमुळे लाउरी टोकियोतील कुंपण घातलेल्या अमेरिकन वसाहतीत राहत होत्या, आणि आईवडिलांना न सांगता मागच्या फाटकातून सायकलवर शिबुयाच्या गजबजाटात जात असत. आपण त्या कुंपणात का राहिलो, असे त्यांनी पुष्कळ वर्षांनी आईला विचारले, तेव्हा ते ओळखीचे आणि सुरक्षित होते म्हणून, असे उत्तर मिळाले. न्यूबेरी पदक स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यांनी ही आठवण कादंबरीच्या उगमांपैकी एक म्हणून सांगितली. आपली मंडळे, रविवारची मराठी शाळा, ठरलेल्या चार कुटुंबांची शनिवारची जेवणे ही आपल्याला हवीतच. त्यांच्याशिवाय परक्या देशात तग धरणे कठीण असते. तुमच्या मुलीची सायकल मात्र सध्या लायब्ररीकडे वळते आहे, आणि तिथून ती दर वेळी तुमच्याच गाडीत बसून घरी येते.

तेव्हा लायब्ररीतून आपल्यासाठी वेगळी प्रत घ्या, तिची मागू नका. खुणा केलेली प्रत ही जवळजवळ रोजनिशीच असते. दोनशे पानांच्या आसपासचे पुस्तक आहे, आठवड्यात होईल. ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडे राहू द्या. “तू पण वाचतेस?” असे तिने विचारले, तर कितव्या प्रकरणापर्यंत आला आहात तेवढेच सांगा आणि “शेवटी जोनासचं काय होतं ते फोडू नकोस” असे तिला म्हणा.