आश्विन-कार्तिकातील स्वयंपाक आणि हातकाम : बाजाराआधी शेताकडे पाहावे

आपण पुण्याहून हिंगणघाट तालुक्यातील सासरच्या गावी राहायला आला आहात आणि दसऱ्यापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचे दिवस घरीच घालवणार आहात. सात वर्षांची मुलगी सोबत आहे. खर्च आटोक्यात ठेवून घरचा स्वयंपाक आणि हातच्या वस्तू यांत हा काळ रमून जावा, यासाठी काय शिकावे आणि काय विकत आणावे, असा आपला प्रश्न आहे. सोबतच्या खरेदीच्या यादीत लोकर, क्रोशाच्या सुया, मेणबत्त्यांचे साहित्य आणि लहान ओव्हन आहे. माझे पहिले सांगणे असे की, ही यादी तूर्त बाजूला ठेवावी. आपल्याकडे आश्विनातल्या दुपारी पारा ३२-३३ अंशांवर असतो, आणि त्या उकाड्यात मांडीवर लोकर घेऊन बसण्याला हौस म्हणणे कठीण आहे.

दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे की, या दोन महिन्यांत शेतातून आणि घरातून जे आपोआप हाती येते, त्यावरच इथला काटकसरीचा स्वयंपाक आणि हातकाम उभे आहे. साहित्य विकत आणून केलेली वस्तू सुंदर होईल, पण तिला काटकसर म्हणता येणार नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस साधारणपणे काढता पाय घेतो, सोयाबीन निघालेले असते, कापसाची बोंडे फुटू लागतात, दुपारचे ऊन कडक असते. आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पहाटेचे तापमान १५ अंशांच्या आसपास उतरते. त्यामुळे वाळवणाची कामे दिवाळीच्या आत उरकावीत आणि अंगावर कापडाचे ओझे घेऊन बसण्याची कामे दिवाळीनंतर काढावीत, एवढा क्रम पाळला तरी बरेच साधते.

स्वयंपाकात सुरुवात अंबाडीपासून करावी, कारण ती बांधावर किंवा कपाशीच्या कडेने कोणाच्या ना कोणाच्या शेतात असतेच आणि शेजारी मागितली तर नाही म्हणत नाहीत. पाने खुडून, धुऊन आधी उकडून घ्यावीत आणि ते आंबट पाणी पिळून टाकावे. हे पाणी ठेवले तर भाजी इतकी आंबट होते की लहान मुले तिला हात लावत नाहीत. पाने उकडल्यावर एकदम बसतात, म्हणून पातेलेभर पाने घेतली तरच चौघांना पुरेल एवढी भाजी होते. तेवढ्या पानांना अर्धी वाटी ज्वारीच्या कण्या आणि पाव वाटी तुरीची डाळ वेगळी मऊ शिजवून घ्यावी, मग सर्व एकत्र घोटून त्यात हिरवी मिरची, मीठ आणि चवीपुरता गूळ घालून पुन्हा रटरटू द्यावे. खरी चव वरच्या फोडणीत आहे. ताटात भाजी वाढल्यावर तेलात ठेचलेला लसूण तांबूस होईपर्यंत तळून ते तेल लाल मिरच्यांसह भाजीवर ओतावे आणि सोबत ज्वारीची भाकर आणि कांदा द्यावा. भाजी स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात करावी, ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात करू नये, कारण आंबटपणा धातूला लागतो.

याच अंबाडीला कार्तिकात लाल, मांसल बोंडे धरतात. त्यांच्या पाकळ्यांसारख्या लाल साली सोलून घ्याव्यात. ताज्या सालींची चटणी होते आणि कडक वाळवून डब्यात भरल्या तर उन्हाळ्यातल्या सरबताची सोय होते. झाडाच्या दांड्यांपासून वाख निघतो आणि त्याचे दोर वळतात, परंतु त्यासाठी दांडे दोन-तीन आठवडे पाण्यात कुजवावे लागतात. त्या पाण्याला असह्य वास येतो आणि ते जनावरांच्याही पिण्याच्या कामाचे राहत नाही. पहिल्या वर्षी हा खटाटोप करू नये, असे माझे मत आहे.

वर ज्वारीच्या कण्या म्हटले, पण त्या मिळवायला आपल्याला थोडी विचारपूस करावी लागेल. सोयाबीन आल्यापासून विदर्भात ज्वारीचा पेरा पुष्कळ घटला आहे. ज्वारीच्या एकाच पिकातून भाकर, कण्या, लाह्या, जनावरांसाठी कडबा आणि मुलांच्या खेळासाठी धांडे, म्हणजे वाळलेली ताटे, असे सर्व घरात येत असे, तर सोयाबीन पैसा देते आणि मागे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, ठेवते, जे गुरे खातात पण ज्यातून हातकामाची एकही वस्तू होत नाही. शेतकऱ्याने काय पेरावे हे त्याच्या हिशेबावर ठरते, तेव्हा ही तक्रार मानू नये. गावात कोणी गुरांसाठी म्हणून चार तास, म्हणजे चार ओळी, ज्वारी पेरली असेल, तर त्या घराशी ओळख करून घ्यावी. कण्या गिरणीवरही भरडून मिळतात.

रोजच्या जेवणासाठी गोळाभात शिकून घ्यावा, कारण एकाच पातेल्यात आणि एकाच जाळावर पूर्ण जेवण होते. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून जाडसर वाटावी, तीत हळद, तिखट, मीठ, हिंग आणि थोडे कच्चे तेल घालून लिंबाएवढे गोळे वळावेत. भाताचे पाणी आटत आले की ते वरून हलकेच ठेवून मंद आचेवर झाकण घालून वाफवावेत. पंधरा मिनिटांत ते शिजतात. खाताना गोळा भातात कुस्करून वरून मोहरी-हिंगाची तेलाची फोडणी घ्यावी आणि चिंचेचे सार किंवा कढी सोबत ठेवावी. रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, आपल्याला चूल पाहूनच करावेसे वाटतील, परंतु दोन-तीन माणसांसाठी गोवऱ्यांचा एवढा विस्तव पेटवणे परवडत नाही; ते चार घरे एकत्र जेवणार असतील तेव्हाच करावेत. तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, घाई करू नये, त्यांचे दिवस मार्गशीर्षात येतील.

मुलीसाठी स्वतंत्र काही योजण्याऐवजी तिला भुलाबाईला पाठवावे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली संध्याकाळी घरोघरी जमतात, मातीच्या भुलाबाईसमोर गाणी म्हणतात आणि मग झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा असतो. दसऱ्यानंतर त्याचे थोडेच दिवस उरतात, पण तेवढे पुरेत. हा खाऊ, म्हणजे खिरापत, हाच काटकसरीच्या स्वयंपाकाचा चांगला धडा आहे. डबा हलवून मुली ओळखतात, म्हणून आवाज न होणारा आणि कोणाच्या ध्यानात न येणारा पदार्थ घरातल्या घरात शोधावा लागतो. काकडीच्या फोडी, भिजवलेली डाळ, गूळ-शेंगदाण्याचा कूट, सीताफळाचा गर असे काहीही चालते आणि महाग मिठाई मात्र पहिल्याच फेरीत ओळखली जाते. कोजागिरीला पाच धांड्यांचा मखर लागतो, तेव्हा वर सांगितलेल्या ज्वारीच्या घराची ओळख पुन्हा कामी येईल.

आता हातकाम. आपण कपाशीच्या मुलखात आहात, म्हणून पहिली वस्तू वात असावी. पहिल्या वेचणीचा, पाऊस न लागलेला कापूस पांढरा आणि स्वच्छ असतो. तो दहिवर, म्हणजे दव, उडाल्यावरच वेचतात, कारण ओला कापूस पिवळा पडतो. वेचणी सुरू होण्याच्या दिवशी शेतात सीतादही, म्हणजे वेचणीची पूजा, असते, तेव्हा दहीभाताच्या निमित्ताने जावे आणि ओंजळभर कापूस मागून आणावा. वजनाने साधारण एक तृतीयांश रुई निघते आणि बाकी सरकी, म्हणजे पाव किलो कापसातून ८०-८५ ग्रॅम रुई मिळेल. वातींसाठी ती पुष्कळ झाली. सरकी बोटांनी काढावी, मुलांना हे काम फार आवडते. मग रुई हलक्या हाताने विंचरल्यासारखी मोकळी करावी. गोळे राहिले तर वात अर्ध्यातच विझते. तळहाताला किंचित राख लावून तिची लांब वात वळावी. फुलवातीसाठी चपट्या चकतीच्या मध्यावर चिमूट धरून पीळ द्यावा. कार्तिकभर देवळात पहाटेचा काकडा, म्हणजे काकड आरती, असते आणि त्रिपुरी पौर्णिमेला साडेसातशे वातींचा त्रिपूर लावण्याची चाल आहे. गावच्या देवळात विचारले तर आपल्या वाती आनंदाने घेतील, आणि दिवाळीला मेणबत्त्यांची आठवणही येणार नाही.

दिवाळीनंतर वाकळ, म्हणजे जुन्या कापडाची गोधडी, शिवायला काढावी. घरातली जुनी सुती लुगडी आणि धोतरे आतल्या थरांसाठी घ्यावीत. नायलॉनच्या साड्या आत घालू नयेत, कारण त्या सरकतात, घाम शोषत नाहीत आणि शिवण ओढून धरतात. त्यांचे पट्टे फाडून तीनपदरी वेणी घालून दावी किंवा पायपुसणी करावीत, ते त्यांचे योग्य स्थान आहे. सर्व कापड आधी धुऊन उन्हात वाळवावे, नाहीतर पहिल्या धुण्यात एखादा गडद रंग सगळीकडे पसरतो. चार-पाच थर जमिनीवर ताणून, कडा दुमडून, बाहेरून आत असा चौकोनामागून चौकोन धावदोरा घालत यावे. मधून सुरुवात केली तर सुरकुत्या कडेला गोळा होतात आणि त्या पुढे कशानेही जात नाहीत. टाके एकसारखे यावेत याचा ध्यास धरू नये. शेजारच्या तीन वयस्क बायांना बोलवावे आणि चौघींनी चार बाजूंनी बसावे. त्यांच्याकडून टाके तर शिकालच, शिवाय गावातल्या नातेसंबंधांचा सगळा नकाशा कळेल, जो सून म्हणून आपल्याला कधीतरी लागणारच आहे.

रंगाची हौस असेल तर दसरा-दिवाळीच्या तोरणांतला झेंडू फेकू नये. पाकळ्या सावलीत वाळवाव्यात आणि जेवढे कापड तेवढ्याच वजनाच्या घ्याव्यात. सुती कापड रंग सहज धरत नाही, म्हणून त्याला आधी हिरड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवावे. मग कापडाच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात बुडवावे आणि शेवटी पाकळ्यांच्या काढ्यात तासभर मंद उकळावे. छान पिवळा रंग येतो. भांडे मात्र या कामासाठी वेगळेच ठेवावे, त्यात पुन्हा स्वयंपाक करू नये.

टोपल्या आणि सूप स्वतः विणण्याच्या भानगडीत पडू नये. बांबूच्या कांबी सोलणे हे बुरुडाचे वर्षानुवर्षांचे कसब आहे, आणि त्याच्याकडून सूप घेताना घासाघीस केली तर ती काटकसर होत नाही. तुरीच्या काड्यांचा अंगणासाठी खराटा मात्र घरी सहज बांधता येतो, पण त्यासाठी तूर निघेपर्यंत थांबावे लागेल.

खरेदीची यादी हवीच असेल तर ती एवढी : मोठ्या भोकाच्या दोन सुया, जाड पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळे, तुरटी, हिरडा आणि बुरुडाकडचे एक सूप. सूतकताईचा विचार मनात आला तर एखाद्या दिवशी वर्ध्याला जावे. अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम तेथील मगनवाडीतून चाले आणि तिथेच १९३८ साली सुरू झालेले मगन संग्रहालय आजही आहे. जवळच सेवाग्राम आहे, जिथे गांधीजी १९३६ साली, गावाचे नाव शेगाव असताना, राहायला आले. टकळी (हाताने फिरवायची चाती), पेळू (कातण्यासाठी वळलेल्या रुईच्या वळ्या) आणि चरखे जवळून पाहावेत, जमल्यास कोणाला सूत काढताना पाहावे आणि आवडले तरच टकळी घ्यावी; चरख्याचा विचार पुढच्या वर्षी करावा.