वाचकांचे प्रश्न : चेंडू कोणी मोठा केला?

प्रश्न : मी शाळेत टेबल टेनिस खेळत असे तेव्हा गेम 21 गुणांचा होता आणि चेंडूही आजच्यापेक्षा लहान होता. तो मोठा करण्यात एका माजी चिनी खेळाडूचाच पुढाकार होता, असे ऐकले. आपल्याच वर्चस्वाला बाधा येईल असा बदल चीनने का सुचवावा? आणि तिथे खेळाडूंना निवृत्तीनंतर अशी मोठी पदे सहज मिळतात का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. त्या खेळाडूचे नाव शू यिनशंग. मात्र या बदलाचा आग्रह त्यांनी धरला तो आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचे अध्यक्ष या नात्याने. हे पद 1995 ते 1999 या काळात त्यांच्याकडे होते आणि त्यावर बसलेले ते पहिले चिनी.

गंमत अशी, की शू यांचे नाव गाजले तेच स्मॅशमुळे. 1961 साली बीजिंगमध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या सांघिक अंतिम सामन्यात जपानचा होशिनो टेबलापासून खूप मागे सरून उंच चेंडू परतवत राहिला आणि शू एकामागून एक स्मॅश मारत राहिले. बाराव्या स्मॅशला गुण मिळाला. ते ‘बारा स्मॅश’ चीनमध्ये आजही सांगितले जातात. त्या सामन्यात चीनने पुरुषांचे सांघिक विजेतेपद प्रथमच मिळवले. 1964 मध्ये शू यांनी महिला संघापुढे केलेले भाषण माओंनी वाखाणले आणि ते देशभर वाचले गेले. म्हणजे खेळाबद्दल नीट विचार करून बोलणारा माणूस ही त्यांची ओळख पदे मिळण्याच्या बरीच आधीची आहे.

आता चेंडूविषयी. जुना चेंडू 38 मिलिमीटर व्यासाचा आणि 2.5 ग्रॅम वजनाचा होता. नवा 40 मिलिमीटरचा आणि 2.7 ग्रॅमचा. दोन मिलिमीटर क्षुल्लक वाटतात, पण त्यामुळे हवेला आडवे येणारे क्षेत्रफळ सुमारे 11 टक्क्यांनी वाढते, परिणामी वेग आणि फिरकी दोन्ही थोडी मंदावतात. या वेगाचे मूळ शोधत गेल्यास आपण थेट मुंबईत पोहोचतो : 1952 च्या जागतिक स्पर्धेत जपानच्या हिरोजी सातोने जाड स्पंजच्या बॅटने विजेतेपद पटकावले आणि त्यानंतर बॅटचे रबर हीच एक शर्यत होऊन बसली. नव्वदच्या दशकापर्यंत रॅली इतक्या आखूड झाल्या होत्या, की दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्याला चेंडू धड दिसतही नसे. शू यांची चिंता ही होती. प्रस्ताव संमत झाला तो ते पायउतार झाल्यावर, फेब्रुवारी 2000 मध्ये क्वालालंपूरला. सिडनी ऑलिंपिक मात्र जुन्याच चेंडूने खेळले गेले. गेम 11 गुणांचा झाला तो पुढच्या वर्षी.

चीनच्या वर्चस्वाला बाधा आली, हे मात्र पटत नाही. 2001 च्या ओसाका येथील जागतिक स्पर्धेत, मोठ्या चेंडूने, चीनने सातही विजेतेपदे जिंकली. टेबलाजवळ उभे राहून झटपट गुण घेणाऱ्या काही खेळाडूंना झळ बसली, एवढेच.

पदांबाबत ‘सहज’ हा शब्द आम्ही वापरणार नाही. 1965 मध्ये ल्युब्लियाना येथे शू यांच्यासोबत दुहेरीचे जागतिक विजेतेपद जिंकणारे च्वांग झदोंग हे एकेरीत तीनदा जगज्जेते होते. 1971 मध्ये नागोया येथे अमेरिकन खेळाडू ग्लेन कोवन याला बसमध्ये रेशमी चित्र भेट देणारे, म्हणजेच चीन-अमेरिका यांच्यातील ‘पिंगपाँग मुत्सद्देगिरी’ला निमित्त ठरलेले, तेच. 1974 मध्ये ते देशाच्या क्रीडा आयोगाचे प्रमुख झाले. ती नेमणूक राजकीय मर्जीची होती; 1976 मध्ये माओंच्या निधनानंतर ‘चौकडी’, म्हणजे माओंच्या पत्नीसह चार सत्ताधारी नेत्यांचा गट, कोसळली तेव्हा त्यांचेही पद गेले. काही वर्षे ते चौकशी आणि स्थानबद्धतेत होते, आणि नंतर शान्शी प्रांतात त्यांना प्रशिक्षक म्हणून पाठवण्यात आले.