वाचकांचे प्रश्न : जास्त काडतुसं भरण्यासाठी कोणता प्रेस घ्यावा?

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो. पिस्तूल आणि रायफल अशा दोन्ही स्पर्धा खेळतो. महिन्याला हजारेक ९ मिमी आणि तीन-चारशे .२२३ रेमिंग्टन काडतुसं लागतात. वापरलेल्या काडतुसांच्या केसा (पितळी कवचं) सध्या सिंगल स्टेज प्रेसवर, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या यंत्रावर, पुन्हा भरतो, पण वेळ पुरत नाही. डिलन कंपनीचा आरएल ५५०, एक्सएल ७५० की आरएल ११०० घ्यावा?

उत्तर : ताशी किती काडतुसं निघतात हा आकडा सर्वात शेवटी बघा. आधी बघायचं ते हे की प्रेसला स्टेशनं (एकेका कामाच्या जागा) किती आहेत आणि शेलप्लेट (केसा धरणारी चकती) आपोआप फिरते की हाताने फिरवावी लागते.

५५० ला चार स्टेशनं आणि प्लेट हाताने फिरवायची. पहिल्यावर साइझिंग (केस दाबून मूळ मापाची करणं) आणि प्रायमर (बुडात बसणारी, पावडर पेटवणारी टोपी), दुसऱ्यावर पावडर, तिसऱ्यावर गोळी बसवणं, चौथ्यावर क्रिम्प (केसचं तोंड गोळीवर आवळणं). जागा तिथेच संपते. ७५० ला पाच स्टेशनं असून प्लेट आपोआप फिरते, त्यामुळे तिसऱ्या स्टेशनवर पावडर-चेक डाय (केसमधल्या पावडरची पातळी तपासणारा भाग) लावता येतो. पावडर कमी किंवा जास्त पडली की तो सावध करतो. तुमच्या गरजेला आम्ही हाच सुचवू, आणि केसा आपोआप पुरवणाऱ्या केसफीडरसकट. केसा एकेक करून हाताने ठेवायच्या असतील, तर वाचलेला वेळ तिथेच जातो.

पावडर-चेकवर एवढा भर देण्याचं कारण आहे. ९ मिमीच्या केसमध्ये जलद जळणाऱ्या पावडरचे दोन चार्ज (चार्ज म्हणजे एका काडतुसाची पावडर) सहज मावतात. हाताने फिरणाऱ्या प्रेसवर मध्येच फोन वाजला, प्लेट फिरवायची राहिली आणि हँडल पुन्हा ओढलं की डबल चार्ज झालाच. आपोआप फिरणाऱ्या प्रेसवरही काहीतरी अडकलं म्हणून हँडल अर्ध्यातून वर-खाली केलं तर तेच होऊ शकतं. अशा वेळी पावडर स्टेशनवरची केस काढून रिकामी करा आणि मगच पुढे जा. पावडर अजिबात पडली नाही तर एकट्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अडकते, आणि मागून दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते. म्हणून प्रेसवर छोटा एलईडी दिवा लावा आणि गोळी ठेवण्याआधी प्रत्येक केसमध्ये डोकावून बघा. दुप्पट चार्ज पडला तर केसबाहेर सांडेल अशी फुगीर पावडर निवडणं सर्वात चांगलं.

.२२३ चं गणित वेगळं आहे. साइझिंगच्या वेळी ९ मिमीची केस कार्बाइडच्या (अतिकठीण धातूच्या) डायमधून, म्हणजे साच्यातून, कोरडीही जाते. .२२३ ची केस तोंडाकडे निमुळती होते, तिला खांदा असतो, म्हणून लूब (वंगण) लावावंच लागतं, नाहीतर केस डायमध्ये अडकते आणि बुडाची कड फाटते. शिवाय प्रत्येक वेळी केस लांब होते. कमाल लांबी १.७६० इंच, ट्रिम करायची (कापायची) १.७५० वर. हे सगळं एका फेरीत होत नाही. त्यामुळे दोन टूलहेड (डाय बसवलेले, काढता-घालता येणारे वरचे भाग) ठेवा. पहिल्या फेरीत प्रायमर काढून साइझिंग, मग ट्रिम, मग टंबलरमध्ये (केसा घासून साफ करणाऱ्या यंत्रात) लूब साफ. दुसऱ्या फेरीत प्रायमर, पावडर, चेक, गोळी, क्रिम्प. दुसऱ्या टूलहेडच्या पहिल्या स्टेशनवर नुसता डीकॅपिंग डाय (प्रायमर काढणाऱ्या पिनचा) ठेवा. टंबलरमधला अक्रोडाच्या कवचाचा दाणा फ्लॅश होलमध्ये (प्रायमरची आग पावडरपर्यंत नेणाऱ्या भोकात) कधी अडकलेला असतो, तो त्याने निघतो.

मिलिटरी केसांच्या प्रायमर पॉकेटला (प्रायमर बसतो त्या खाचेला) क्रिम्प, म्हणजे कडेने आवळलेलं पितळ, असतो. तो स्वेज केला (दाबून सपाट केला) नाही तर नवा प्रायमर वाकडा होऊन चेपतो. ११०० वर स्वेजिंगचं स्टेशन अंगचंच आहे, एकूण स्टेशनं आठ. पण तो महाग, आणि कॅलिबर बदलणंही खर्चिक व वेळखाऊ. एकच कॅलिबर महिन्याला काही हजार भरणाऱ्यासाठी तो उत्तम. तुमच्या तीन-चारशे केसांना बाकावरचा वेगळा स्वेजर पुरतो. पाच-सहा कॅलिबर थोडी थोडी भरणाऱ्याने मात्र ५५० च घ्यावा, त्यावरची अदलाबदल सोपी आहे.

पावडर मेजरमधून (प्रेसवरच्या पावडर मोजून टाकणाऱ्या भागातून) गोलसर दाण्यांची बॉल पावडर नीट मोजली जाते. काडीसारखी लांब पावडर अडकते आणि चार्ज कमी-जास्त होतो. सुरुवातीचे दहा चार्ज तोला, पुढे दर पन्नासाला एक. चार्जचं वजन पावडर कंपनीच्या छापील तक्त्यातूनच घ्या आणि किमान चार्जपासून सुरुवात करा. स्मॉल पिस्टल आणि स्मॉल रायफल प्रायमर मापाने सारखेच दिसतात, पण रायफलच्या प्रायमरचा कप जाड असतो. एका वेळी बाकावर प्रायमरचा एकच डबा आणि एकच पावडर ठेवा. बसलेला प्रायमर बोटाला केसच्या पातळीच्या किंचित खाली लागला पाहिजे. वर राहिला तर काडतूस बाजूला काढा, प्रेसवर पुन्हा दाबू नका.

स्वतःपुरती काडतुसं भरायला अमेरिकेत फेडरल परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. पावडर आणि प्रायमर किती साठवता येतात याचे स्थानिक अग्निशमन नियम तपासा.

प्रश्न : पुण्यात राहतो, रायफलचा परवाना आहे. असा प्रेस इथे आणता येईल का?

उत्तर : नुसत्या त्या परवान्यावर नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत काडतुसांचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही 'दारूगोळा' या शब्दात येते. निर्मितीला कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगण्याच्या परवान्यात ती मुभा नसते.