गरम झाल्यावरच बंद पडणारी गाडी

प्रश्न : माझी पेट्रोलवरची गाडी १२ वर्षांची आहे. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. पण साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढणीवर चालता चालता एकदम बंद पडते आणि २०-२५ मिनिटे थांबल्यावर काहीच झाले नाही अशी सुरू होते. प्लग, फिल्टर, बॅटरी बदलून झाली. मेकॅनिक आता टाकीतला फ्युएल पंप बदला म्हणतात. बदलावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : एवढ्यात बदलू नये. इंजिन तापले की बंद आणि निवले की सुरू, हे आपणच लिहिलेले लक्षण पाहता माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर आहे. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, किती वेगाने फिरतो आहे आणि कोणत्या स्थितीत आहे, हे हा सेन्सर ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, कळवतो. तो संकेत तुटला, की बहुतेक इंजिनांत ठिणगी आणि पेट्रोलचा फवारा दोन्ही एकाच वेळी थांबतात. अनेक गाड्यांतील अशा सेन्सरमध्ये बारीक तारेचे वेटोळे असते. त्यात कुठे तार तुटत आली असेल, तर उष्णतेने प्रसरण पावून ती सुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा टेकते.

पंप तापूनही असाच दगा देतो, हे खरे आहे; म्हणूनच दोघांतला फरक गाडी बंद पडते त्या क्षणीच पाहायला हवा. शेजारी बसलेल्या व्यक्तीला आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे दाखवणाऱ्या) काट्यावर नजर ठेवायला सांगा. गाडी गिअरमध्ये असून चाके इंजिनाला फिरवत असतानाही काटा झटकन शून्यावर आला, तर संकेत तुटला असे समजावे. आधी आचके बसले, पिकअप गेला आणि काटा हळूहळू उतरला, तर पेट्रोलचा दाब कमी पडतो आहे. गाडी कडेला घेतल्यावर चावी ऑन करून मागच्या सीटखाली कान द्या. पंपाची दोनेक सेकंदांची घरघर बहुतेक गाड्यांत ऐकू येते. ती आली आणि सेल्फ मारताना काटा मात्र जराही हलला नाही, तर सेन्सरवरचा संशय आणखी बळावतो.

ईसीएममधील बिघाडाच्या नोंदी वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या बिघाडाचा कोड आला तर उत्तमच, पण तो नेहमी नोंदला जातोच असे नाही. त्यामुळे कोड नाही म्हणून सेन्सर निर्दोष ठरवू देऊ नका. नवा सेन्सर बसवण्यापूर्वी त्याच्या कनेक्टरमध्ये ऑइल शिरले आहे का, वायर सायलेन्सरच्या पाइपाला चिकटून वितळली आहे का, हेही पाहून घ्यावे.

तोवर गाडी घाटात नेऊ नका, ही कळकळीची विनंती. इंजिन बंद पडताच स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला एक-दोन दाबांपुरतीच मदत उरते. अशा वेळी ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच दाबून धरावा आणि गाडी थांबेपर्यंत चावी काढू नये.