45 एचपी ट्रॅक्टरला मागं 14.9 चे टायर घालून पाणी भरावं का?

शिरोळचं काळं रान, टू-व्हील ड्राइव्ह 45 एचपीचा ट्रॅक्टर, 13.6-28 चे मागचे टायर गुळगुळीत झालेले, सीझन तोंडावर. आणि दुकानदार म्हणतोय 14.9 घाला, पाणी भरा, उसाच्या फडात अडकायची कटकट मिटली. तुम्ही विचारताय, ऐकावं का. अर्धं ऐका.

आमचं रान कागल तालुक्यात, दूधगंगेच्या काठाला. दोन्ही मापं मी वापरलीत. 14.9 ही टायरची इंचातली रुंदी आणि 28 हे रिम. रुंदी सव्वा इंचानं वाढते एवढंच दुकानदार सांगतो, पण टायर साधारण 4 टक्के उंचही होतो. म्हणजे त्याच गिअरला ट्रॅक्टर तेवढा जास्त पळतो आणि तेवढाच ओढायला कमी पडतो. भरलेल्या डबल ट्रॉलीला चढावर ते कळतं. दुसरं, तुमची सरी किती फुटी ते लिहिलं नाही. साडेचार फुटी असेल आणि भरणीही (उसाच्या बुडाला माती लावणं) ह्याच ट्रॅक्टरनं करत असाल, तर 13.6च ठेवा. रुंद टायर वरंब्याला घासत जातो आणि बुडातले फुटवे चेपतात. पाच फुटी सरी असेल आणि निम्मं काम वाहतुकीचं असेल, तर 14.9 जरूर घाला. रिमवरचा आकडा मात्र आधी बघा. 13.6 ला डब्ल्यू 12 आणि 14.9 ला डब्ल्यू 13 हे नेहमीचं, हा आकडा म्हणजे रिमची इंचातली रुंदी. अरुंद रिमवर रुंद टायर चढतो, नाही असं नाही, पण मधोमध फुगतो आणि तिथंच झिजतो. (फोर-व्हील असता तर मागचं माप एकटं बदलू नका म्हटलं असतं. पुढच्या-मागच्या चाकांचा मेळ बिघडतो.)

आता पाणी. ते टायरमध्ये भरायचं चाकावर वजन यावं नि ते घसरू नये म्हणून. टायरचं माप एकदा घेतलं की चार-पाच वर्षं गळ्यात पडतं, वजन मात्र कामाप्रमाणं घालता-काढता येतं. म्हणून वजन आधी वाढवून बघा, टायर मोठा करणं नंतर.

भरायची रीत सोपी आहे. चाक जॅकवर उचलायचं, वॉल बरोबर वर, बाराच्या काट्यावर आणायचा, पिन काढायची आणि पाइप लावायचा. मधेमधे पाइप काढून आतली हवा सोडायची. वॉलमधून पाणी बाहेर यायला लागलं की थांबायचं. टायर साधारण 75 टक्के भरलेला असतो. त्याच्यावर भरायचं नाही. वर हवा हवीच, नाहीतर टायर दगडासारखा होतो आणि प्रत्येक खड्डा एक्सलला बसतो. 13.6-28 मध्ये एका टायरला अंदाजे 160 लिटर मावतं, 14.9-28 मध्ये 200. म्हणजे दोन्ही मिळून सव्वातीनशे ते चारशे किलो, ते पण फुकटात. थंडीच्या देशात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात. आपल्याकडं त्याची काही गरज नाही, ते रिम खातं.

पाण्याऐवजी चाकाला लावायची बिडाची वजनं महाग पडतात, पण दोन गडी अर्ध्या तासात काढतात. पाणी काढायला अर्धा दिवस जातो, म्हणून ते कुणी काढतच नाही. मीही काढलं नव्हतं. एका सीझनला मळीच्या (नदीकाठच्या गाळाच्या) रानातून ऊस काढायला पाणी भरलं आणि तसंच ठेवून खोडव्याची (तोडलेल्या उसाच्या बुडातून परत फुटलेल्या पिकाची) सगळी कामं त्याच ट्रॅक्टरनं केली, रान ओलं असताना. पावसाळ्यात चाकोरीतच पाणी तुंबून राहिलं, आणि त्या ओळींचा ऊस शेवटपर्यंत बोटाएवढाच राहिला. काळ्या रानात घात (वाफसा) यायच्या आधी वजनदार ट्रॅक्टर घालणं म्हणजे खालची माती चोपून घट्ट करणं. रोटर (रोटाव्हेटर) मारायला तर वजन लागतच नाही, रोटर स्वतःच ट्रॅक्टरला पुढं ढकलतो. नांगर आणि वाहतूक, एवढ्यालाच वजन.

किती वजन पुरे, ते स्लिप, म्हणजे चाक किती घसरतं, ते मोजून ठरवा. टायरवर खडूनं खूण करा. नांगर लावून चाकाचे 10 फेरे होईपर्यंत चला आणि सुरुवातीला नि शेवटाला काठी रोवा. मग नांगर उचलून तेवढंच अंतर परत चालवून फेरे मोजा. साडेआठ भरले तर स्लिप 15 टक्के. 10 ते 15 च्या मधे असेल तर वजनाला हात लावू नका. त्याहून जास्त असेल तरच वाढवा. फारच कमी आली तर वजन जास्त झालंय, डिझेल आणि गिअरबॉक्स दोन्ही खातंय. मोजायचा कंटाळा असेल तर मागं वळून चाकोरी बघा. नक्षीचा ठसा मधे थोडा विस्कटलेला आणि कडेला स्पष्ट, हे बरोबर. सगळंच पुसलेलं दिसलं तर वजन कमी, छापल्यासारखं दिसलं तर जास्त.

मागं वजन वाढलं की चाक घसरत नाही, मग चढावर ट्रॅक्टर तोंड उचलतो. मळीतून वर येताना माझा एकदा पुढून हातभर उचलला होता, पोटात गोळा आला. त्याच आठवड्यात शिरोलीच्या एका फौंड्रीतून पुढची वजनं आणली. सीझनला लोक पोरं बॉनेटवर बसवतात, ते अजिबात करू नका. आणि ट्रॉली खालच्या हुकालाच जोडा, ओढ जेवढी वरनं तेवढा पुढून लवकर उठतो.

हवा शेतात 12 ते 14 पौंड ठेवा. वाहतुकीला टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणं वाढवा. मोजताना वॉल वर असू द्या, नाहीतर मीटरमध्ये पाणी जातं.

टायर बसवून झाले की ट्रॅक्टरच्या मागं उभं राहून बघा, नक्षीचं टोक वरच्या बाजूला दिसलं पाहिजे. माझ्या पंक्चरवाल्यानं एकदा एक चाक उलटं बसवलं होतं. आठ दिवस मी डाव्या बाजूचं रानच ओलं म्हणून शिव्या देत होतो.