लक्ष न लागणं हा आजार असतो का?

तुम्ही विचारलंय : वय 34, सहा-सात महिन्यांपासून कामात लक्ष लागत नाही, एकच ईमेल तीनतीनदा वाचावा लागतो, दुपारी डोळे मिटतात. हा आजार की आळस, आणि दाखवायचं कुणाला?

मी डॉक्टर नाही. एका पतसंस्थेत रोखपाल आहे, म्हणजे लक्ष हेच माझं भांडवल. तेच मध्यंतरी बुडालं होतं, म्हणून लिहितोय.

सुरुवात आकड्यांपासून झाली. 3,700 चे 7,300 लिहायचो. नोटा मोजताना साठ-बासष्टपर्यंत आलो की डोकं कोरं, मग पुन्हा एकपासून. समोर रांग, लोकांची चुळबुळ. संध्याकाळी रोकड जुळेना. साहेब म्हणाले मोबाइल कमी करा. आईने बदाम भिजत घातले. एका डॉक्टरांनी काहीही न तपासता 'ताकदीची' पाच इंजेक्शनं टोचली. ती बी-12 या जीवनसत्त्वाची होती हे मागाहून कळलं. फरक शून्य. शिवाय इंजेक्शन आधी आणि तपासणी नंतर केली की आकडा चढलेलाच दिसतो. मुळात कमी होतं की नव्हतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

छडा लागला तो बायकोमुळे. दुसऱ्या डॉक्टरांनी मला सोडून तिलाच विचारलं, "हे घोरतात का?" ती म्हणाली, "घोरण्याची सवय झालीय हो. मध्येच गप्प होतात ना, त्याची भीती वाटते. कोपराने ढोसलं की मग श्वास घेतात." डॉक्टरांनी टेप काढून माझी मान मोजली. मला वाटलं चेष्टा चाललीय. 43 सेंटिमीटर भरली. जाड मान ही झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची एक खूण असते म्हणे.

मग घरीच एक रात्र बोटाला चिमटा, नाकाशी बारीक नळी आणि छातीला पट्टा बांधून झोपलो. रिपोर्टात आलं, तासाला सरासरी 34 वेळा श्वास अडतोय. पाचच्या आत असेल तर ठीक, तिसाच्या वर म्हणजे तीव्र. याला स्लीप अॅप्निया म्हणतात. झोपेत घसा ढिला पडतो, हवेची वाट मिटते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू आपल्याला दचकवून क्षणभर जागं करतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. आठ तास अंथरुणात होतो खरा, पण झोप झालीच नव्हती. मग नोटा कशा मोजल्या जाणार?

उपाय म्हणून सीपॅप मशीन आलं. नाकावर मास्क, त्यातून दाबाने हवा. पहिला आठवडा नुसता वैताग : तोंडाला कोरड, नाकाच्या हाडावर वळ. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी रोकड पहिल्या फटक्यात जुळली. साहेबांना काही कळलं नाही, मी मात्र दोनदा मोजली.

तुमचं कारण हेच असेल असं मुळीच नाही. पण आधी 'कधीपासून' हे स्वतःला विचारा. शाळेपासून असंच असेल तर एडीएचडीचा, म्हणजे लहानपणापासून लक्ष न टिकण्याच्या विकाराचा विचार होतो. त्याची लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसायला लागलेली असतात. तुमचं सहा-सात महिन्यांतलं आहे, म्हणजे काहीतरी बदललंय. नवी गोळी सुरू झालीय का? सर्दी-अॅलर्जीच्या साध्या गोळ्यांनीही दिवसभर डोकं जड राहतं. थंडी जास्त वाजते, वजन वाढतंय, पोट साफ होत नाही, तर थायरॉइड. हातापायांना मुंग्या येत असतील आणि खाणं शाकाहारी असेल, तर बी-12 (मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर जास्तच लक्ष द्यावं). बाई असाल तर हिमोग्लोबिन बघाच : पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळलं होतं. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा आटलेला असू शकतो, तो फेरिटिन या रक्ततपासणीत कळतो.

आणि एक गोष्ट आपल्याकडे कुणी बोलत नाही. आवडीच्या गोष्टीतही मन रमत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. लक्ष न लागणं हे त्याचं ठरलेलं लक्षण आहे. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलतात.

दाखवायचं एमडी फिजिशियनला. सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन, बी-12, टीएसएच (थायरॉइड), साखर एवढ्या तपासण्यांची गरज आहे का, ते त्यांनाच विचारा. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. मात्र हे सगळं एकाएकी झालं असेल, म्हणजे अचानक गोंधळल्यासारखं, बोलणं अडखळणं, एका हातातली ताकद जाणं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

घरातलं कुणी सोबत न्या. एकटे राहत असाल तर एक रात्र मोबाइल उशाशी ठेवून आवाज रेकॉर्ड करा. माझं रेकॉर्डिंग बायकोने अजून जपून ठेवलंय, पाहुणे आले की ऐकवते.